रातांब्याचं झाड फळत का नाही? गार्सिनिया प्रजातीची सोपी ओळख

कोकणातल्या बऱ्याच परसांत रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, एखादं झाड असं असतं की ते जोमानं वाढतं, दर हिवाळ्यात कळ्यांनी भरतं, पण वैशाख उलटला तरी त्यावर एक फळ दिसत नाही. घरची माणसं काही वर्षं वाट बघतात, बुंध्याशी शेणखत घालतात आणि शेवटी ‘वांझ आहे’ म्हणून कोयता चालवतात. झाड बहुधा वांझ नसतं, नर असतं. आजूबाजूच्या आवारांत लगडलेल्या रातांब्यांना फळ धरतं त्यात याच्या परागकणांचा वाटा असू शकतो, आणि तोडल्यावर तो वाटाही जातो.

कोकमाच्या झाडाच्या अशा बऱ्याच सवयी कोडं वाटतात. रोपं करायला बी वाळवून ठेवलं तर ते उगवत नाही. काही कलमं सरळ उंच होतात आणि काही जमिनीलगत पसरत राहतात. फळाला जखम झाली की पिवळा चीक येतो. यातली कुठलीच गोष्ट एकट्या कोकमाची नाही. ज्या गोतात कोकम जन्मलं त्या सगळ्या गोताचे हे गुण आहेत, आणि गोत समजलं की परसातलं झाडही समजतं.

वनस्पतिशास्त्रात जवळच्या जातींचा एक गट करतात, त्याला प्रजाती म्हणतात. आंबा ही एक जाती. आंबा आणि त्याचे रानातले सख्खे भाऊबंद मिळून एक प्रजाती. कोकमाच्या प्रजातीचं नाव गार्सिनिया. कार्ल लिनीयस यांनी १७५३ साली ते दिलं, लोराँ गार्सां या वैद्याच्या सन्मानार्थ. गार्सां डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे फिरले होते आणि मँगोस्टीन या मलायाकडच्या फळझाडाचं वर्णन त्यांनी लिहून ठेवलं होतं. म्हणजे या प्रजातीचं बारसं मँगोस्टीनच्या निमित्तानं झालं. आपलं कोकम तिच्यात नंतर आलं.

प्रजातीत जाती किती, यावर एकमत नाही. काही अभ्यासक अडीचशेच्या आसपास मोजतात, अलीकडच्या याद्या चारशेच्या घरात जातात. आग्नेय आशिया हे त्यांचं मोठं माहेर. तिथून भारत, श्रीलंका, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि प्रशांत महासागरातली बेटं असा पसारा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या काही झाडांना पूर्वी ‘रीडिया’ अशी वेगळी प्रजाती मानत. केरळच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेणाऱ्या व्हान रीड या डच अधिकाऱ्याचं ते नाव. आता तीही झाडं गार्सिनियातच धरतात, त्यामुळे बोलिव्हियातलं नारिंगी सालीचं अचाचाइरू हे फळ आपल्या रातांब्याचं नात्यातलं ठरतं. भारतात तीसच्या आसपास जाती आहेत, मुख्यतः पश्चिम घाटात, ईशान्येकडच्या राज्यांत आणि अंदमान-निकोबारात. बहुतेक सगळी सदाहरित झाडं किंवा झुडपं, ओल्या उष्ण रानाची, आणि पुष्कळशी उंच झाडांच्या सावलीत वाढणारी.

फूल-फळ नसताना ओळखायचं कसं

गार्सिनिया ओळखायला फुलांची वाट बघावी लागत नाही. पानं समोरासमोर जोडीनं येतात, आणि एक जोडी उत्तर-दक्षिण असेल तर पुढची पूर्व-पश्चिम. पान जाडसर, चामड्यासारखं, कडेला कुठेही दाते नसलेलं. कोवळी पालवी पुष्कळ जातींत तांबूस असते. कोकमाची तर लालसर पालवी लांबूनच दिसते. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक उपशिरा निघतात. पान उजेडासमोर धरलं तर काही जातींत या शिरांना छेदून जाणाऱ्या नागमोडी रेषाही दिसतात. त्या शिरा नसतात, चिकाच्या नळ्या असतात.

सगळ्यात चांगली खूण फांदीच्या टोकाला असते. पुष्कळ झाडांत टोकाची कळी उघडी दिसते, नाहीतर तिच्यावर खवल्यांची टोपी असते. गार्सिनियात शेवटच्या दोन पानांचे देठ बुडाशी आतून पोकळ असतात आणि एकमेकांना चिकटून बसतात, त्या पोकळीत कळी दडलेली असते. देठ हलकेच अलग केले की ती दिसते. कोवळ्या वाढीचं ऊन, कोरडा वारा आणि किडीपासून रक्षण करायची ही युक्ती आहे, आणि मला ती या झाडाच्या सगळ्या रचनेत फार देखणी वाटते. भिंग असेल तर बघाच.

झाडाचा एकंदर आकारही बोलका असतो. मधला सोट सरळ वर जातो आणि फांद्या समोरासमोर, थरांनी फुटतात. पूर्ण वाढलेलं कोकम दहा-पंधरा मीटर होतं. त्याच्या खालच्या फांद्या जमिनीकडे झुकतात आणि झाड वर निमुळतं, खाली पसरट दिसतं. शोभेसाठी लोक परदेशी झाडं आणून लावतात तेव्हा मला या झाडाची आठवण येते.

पिवळा चीक

साल, पान, कच्चं फळ, कुठेही चरा पाडा, चीक येतो. काही जातींत तो पांढरा असतो, पण पुष्कळ जातींत पिवळा, हवेत घट्ट होणारा. वडाच्या किंवा रुईच्या चिकाहून तो वेगळा, राळेच्या जवळचा. झाडाच्या अंगभर पसरलेल्या नळ्यांतून तो वाहतो. जखम बुजवायची आणि पानं कुरतडणाऱ्या किड्यांची तोंडं बंद करायची, ही त्याची कामं.

कंबोडिया आणि थायलंडमधल्या गार्सिनिया हॅनबरी या जातीच्या चिकानं जगभर नाव कमावलं. तिथले लोक सालीवर तिरपे नागमोडी छेद घेतात, खाली बांबूची नळी लावतात आणि चीक तिच्यात साठून घट्ट झाला की नळी फोडून पिवळी कांडी काढतात. हीच गॅम्बोज. पाण्यात घासली की झळझळीत पिवळा रंग मिळतो. चित्रकारांनी तो शतकानुशतकं वापरला. पोटात गेला तर मात्र जालीम रेचक, धोका व्हावा इतका.

याच रंगानं भौतिकशास्त्रात एक मोठं काम केलं. अणू-रेणू खरोखर आहेत की हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही वाद होता. पाण्यातले बारीक कण सतत थरथरत असतात ते पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे, असं आइन्स्टाइन यांनी १९०५ साली गणितानं मांडलं होतं. ते मोजून दाखवायला सारख्या आकाराचे सूक्ष्म गोल कण हवे होते. ज्याँ पेरँ यांनी गॅम्बोज पाण्यात मिसळून, मिश्रण वेगानं फिरवून एकाच मापाचे कण वेगळे केले आणि १९०८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हालचाल मोजली. आइन्स्टाइन यांचं गणित बरोबर निघालं. पेरँ यांना १९२६ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या कामाच्या मुळाशी कोकमाच्या एका चुलतभावाचा चीक होता.

बागाईतदाराला मात्र चीक डोकेदुखी आहे. मँगोस्टीनच्या फळात सालीतल्या नळ्या फुटल्या की पिवळा चीक पांढऱ्या गरावर उतरतो आणि गर कडू होतो. एकदम भरपूर पाऊस किंवा पाण्याची अनियमितता झाली की हा त्रास वाढतो.

नर, मादी आणि मधली झाडं

आता परसातल्या ‘वांझ’ झाडाकडे येऊ. जास्वंद, आंबा, वांगं यांच्या एकाच झाडावर नर आणि मादी, दोन्ही अवयव असतात. पपई किंवा जायफळात झाडं वेगवेगळी असतात: एक नर, एक मादी. याला विभक्तलिंगी म्हणतात. गार्सिनिया प्रजातीचा मूळ कल हाच आहे.

कोकमाचं फूल लहान, जाड पाकळ्यांचं. बाहेर चार संदलं, म्हणजे कळीला झाकणारी दलं, आत चार पाकळ्या. प्रजातीत काही जातींत हा आकडा पाच असतो, पण कोकम, मँगोस्टीन हे चारच्या घराण्यातले. नर झाडावर पानांच्या बगलेत आणि फांदीच्या टोकाला फुलांचे झुबके येतात. फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा एक गच्च गोळा असतो, दहा-वीस पुंकेसर एकत्र दाटलेले. मादी झाडावर फूल बहुधा एकटंच, टोकाला. मध्ये गोल अंडाशय आणि त्याच्या डोक्यावर थेट बसलेली चकतीसारखी कुक्षी. ज्या भागावर परागकण येऊन चिकटतात तो भाग म्हणजे कुक्षी; इथे ती किरणांसारखी चार ते आठ भागांत विभागलेली असते. अंडाशयाभोवती पुंकेसरांसारखं काही दिसतं खरं, पण ते नावाला, त्यात कामाचे परागकण नसतात.

म्हणून झाड नर की मादी हे ठरवायला एवढंच करायचं: फुलोऱ्याच्या दिवसांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उमललेलं फूल तोडून मध्ये बघायचं. मध्ये हिरवट गोळी आणि तिच्यावर चकती असेल तर मादी. केसरांचा पिवळसर गुच्छ असेल आणि गोळी नसेल तर नर. अधूनमधून दोन्ही अवयव असलेली फुलंही सापडतात. कोकमाच्या झाडांत शुद्ध नर आणि शुद्ध मादी यांच्या मधले प्रकारही नोंदले गेले आहेत. निसर्ग इथे रेघ आखून थांबलेला नाही.

बियांपासून लावलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. रोप लहान असताना पान बघून, खोड बघून काही कळत नाही. बी लावून झाड फुलायला सात-आठ वर्षं लागतात, तेव्हा उलगडा होतो. एवढी वर्षं जमीन, पाणी आणि कष्ट घालून निम्मी झाडं फळाविना निघाली तर लहान शेतकऱ्याचं किती नुकसान होतं, हे आकड्याशिवायही समजतं. म्हणून कलमांचा आग्रह. मादी झाडाची काडी घेऊन मृदुकाष्ठ पद्धतीनं, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडावर, बांधलेलं कलम मादीच होतं आणि चार-पाच वर्षांत फळायला लागतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात दिली आणि पुढे ‘कोकण हातीस’. दोन्ही कोकणातल्या बियांच्या झाडांतून निवडलेल्या. पण सगळीच मादी कलमं लावून चालत नाही. बागेत किंवा जवळपास थोडी नर झाडं राखावी लागतात.

सगळ्याच माद्या

नरमादीचं हे प्रकरण मँगोस्टीनमध्ये वेगळ्याच टोकाला गेलेलं आहे. मलाया-इंडोनेशियाच्या भागातलं हे झाड. जांभळ्या जाड सालीत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, आणि चव अशी की उष्ण कटिबंधातल्या फळांत तिला राणीचा मान मिळाला. आपल्याकडे निलगिरीच्या उतारावर बर्लियार-कल्लारच्या सरकारी बागांत ते फार पूर्वीपासून आहे, आणि केरळात त्याच्या बागा आहेत.

लागवडीतली मँगोस्टीनची झाडं सगळी मादी असतात. नर नाही, परागीभवन नाही, तरीही फळ धरतं आणि फळात बी असतं. हे बी म्हणजे दोन जिवांच्या मीलनातून झालेला गर्भ नव्हे. आईच्याच पेशींपासून तयार झालेला, हुबेहूब आईसारखा जीव असतो तो. बी रुजवलं तरी निसर्गानंच बांधलेलं कलम हाती येतं. त्यामुळे मँगोस्टीनमध्ये नर निघण्याची भीती नाही, पण विविधताही फार थोडी. नवीन जात शोधायची तर वेगळेपण आणायचं कुठून, हा प्रश्न संशोधकांना सतावतो. मँगोस्टीनचे पूर्वज कोण, यावरही वाद आहे. मलायातल्या दोन रानटी जातींच्या संकरातून ते आलं असं एकेकाळी मानत. पुढच्या जनुकीय अभ्यासांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावलं. त्या दोन जातींपैकी गार्सिनिया होम्ब्रोनियाना ही किनाऱ्यालगत वाढणारी जात नर असला तर त्याच्यासह आणि नसला तर त्याच्यावाचून, दोन्ही प्रकारे बी धरते. म्हणजे ही वाट पूर्ण गोतात थोडीथोडी उघडी आहे. मँगोस्टीन तिच्यावरून शेवटपर्यंत चालत गेलं.

फळ आणि बी

गार्सिनियाचं फळ मऊ गराचं, बाहेर जाड साल, आत कप्पे. अंडाशयाच्या एकेका कप्प्यात एकच बीजांड असतं, म्हणून फळातल्या बियांची संख्या कप्प्यांहून जास्त होऊ शकत नाही. रातांब्यात पाच ते आठ बिया निघतात त्या यामुळे. फळाच्या देठाकडे चार संदलं सुकून चिकटलेली असतात आणि विरुद्ध टोकाला कुक्षीचा ठसा राहतो. मँगोस्टीनमध्ये हा ठसा फुलासारखा ठळक दिसतो आणि त्याच्या पाकळ्या मोजल्या तर आत गराच्या फोडी किती ते साल न फोडता सांगता येतं. ज्याचा ठसा जास्त पाकळ्यांचा, त्यात फोडी जास्त. फोडी जास्त म्हणजे बहुधा लहान आणि बीविरहित फोडीही जास्त. घेताना हे बघून घ्यावं.

बी मात्र खरं आश्चर्य आहे. वाल, चणा, आंब्याची कोय फोडली की दोन दलं दिसतात. रोपाला सुरुवातीचं अन्न तीच पुरवतात आणि त्यांच्यावरून आपण या वनस्पतींना द्विदल म्हणतो. गार्सिनियाही द्विदलांतच मोडतं, पण त्याचं बी फोडलं तर दोन दलं सापडत नाहीत. आत एकसंध, भरीव, मेणचट गोळा असतो. दलं या जातींत नाहीशी झालेली किंवा ओळखू न येण्याइतकी लहान असतात. अन्न साठवायचं काम दलांच्या खालच्या दांड्यानं उचललेलं असतं आणि तोच फुगून सगळं बी व्यापतो.

रुजण्याची तऱ्हाही त्यामुळे निराळी. बीच्या एका टोकाला मूळ फुटतं आणि दुसऱ्या टोकाला कोंब. काही दिवसांनी कोंबाच्या बुडाशी आणखी एक मूळ येतं, ते जमिनीत घुसतं आणि पुढे तेच झाडाचं मुख्य मूळ होतं. पहिलं मूळ मागे पडतं. बीज-रुजवणीचे प्रकार लावणारे अभ्यासक या तऱ्हेला प्रजातीच्या नावानंच ओळखतात. मँगोस्टीनचं बी कापून तुकडे केले तरी तुकड्यांतून रोपं येतात, कारण वाढीची ताकद एखाद्या ठिकाणी कोंडलेली नसून गोळाभर पसरलेली असते.

या बियांचा दुसरा गुण व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. भात, नाचणी, वालाचं बी वाळवलं की टिकतं. गार्सिनियाचं बी वाळलं की मरतं. कोकमाचं फळ वैशाख-ज्येष्ठात पिकतं आणि लगेच पाऊस येतो. रानातल्या बीला थांबायची गरजच पडत नाही. माकडं आणि इतर फळखाऊ प्राणी गर चोखून बी टाकतात, ओली माती तयार असते, बी रुजतं. वाळून झोपी जायची सोय त्यात नाही. म्हणून रोपं करायची असतील तर फळ फोडल्यावर बी धुऊन, सावलीत वरचं पाणी सुकवून, ताजंच पेरायचं. आमसुलं करताना उन्हात सुकलेल्या बिया तेलाला चालतात, पेरायला नाहीत. केरळात कुडमपुळी आणि कानडीत उप्पगे म्हणतात त्या गार्सिनिया गमीगटाचं बी याहून हट्टी: ताजं पेरलं तरी रुजायला कित्येक महिने घेतं. ते उगवेना म्हणून वाफा खणून टाकायची घाई करू नये.

कोंबांचे दोन स्वभाव

सोटावरचा शेंडा सरळ वर जाणारा असतो आणि बाजूच्या फांद्या आडव्या पसरणाऱ्या. पुष्कळ झाडांत आडव्या फांदीची काडी घेऊन कलम केलं तरी कालांतरानं ती सरळ होते. गार्सिनियात बाजूची काडी आपला स्वभाव सोडत नाही. आडव्या फांदीवरून घेतलेली काडी कलम झाल्यावरही आडवीच वाढते, झाड बुटकं, पसरट, झुडपासारखं होतं. सरळ कोंबावरची काडी घेतली तर कलम सरळ वाढतं. एकाच मातृवृक्षाची दोन कलमं वेगळी का वाढली, याचं उत्तर बहुधा इथं असतं. रोपवाटिकेत कलम घेताना ते उभं वाढतंय की कलतंय हे डोळ्यांनी बघून घ्यावं, विक्रेत्याला काडी कुठली होती तेही विचारावं. उभ्या काड्या झाडावर कमीच असतात, म्हणून चांगलं कलम महाग पडतं आणि ते रास्त आहे.

आंबटपणाचं रसायन

रातांब्याची साल सुकवून कोकणात आमसुलं, केरळात कुडमपुळीच्या काळ्या पाकळ्या माशाच्या कालवणात, कोडगूमध्ये त्याच फळाचा आटवलेला काळा कचमपुळी, आसामात थेकेराच्या वाळवलेल्या चकत्या, मलेशियात आसाम गेलुगोर. पाच ठिकाणं, वेगवेगळ्या जाती, आणि सगळीकडे साल सुकवून आंबटपणा वर्षभर टिकवायची रीत. एकमेकांना न विचारता माणसं तिथे पोचली, कारण सालीतच ते होतं.

या आंबटपणातलं मुख्य आम्ल लिंबातल्या आम्लाचं जवळचं नातलग आहे: हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. आधी ते सायट्रिक किंवा टार्टारिक असावं असा समज होता. गार्सिनियाच्या फळातलं मुख्य आम्ल हेच, हे १९६५ साली लुईस आणि नीलकंठन या भारतीय संशोधकांनी दाखवलं. शरीरात साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) हे आम्ल अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसल्यावर वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९९८ साली अमेरिकेत १३५ माणसांवर बारा आठवडे केलेल्या चाचणीत खरी गोळी घेणारे आणि साधी, औषधाविना गोळी घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. सोलकढी प्या, सार प्या, आमसूल आमटीत घाला. आमसुलाच्या चवीला दाद द्या. पण त्या अर्काची गोळी घेऊन बारीक होण्याच्या आशेवर पैसे घालवू नका.

सालीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. आंबट पाण्यात तो लाल राहतो आणि आंबटपणा कमी झाला की निळसर-जांभळ्याकडे झुकतो. घरी आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, थेंबात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा, शाळेतल्या लिटमस कागदाचं काम फळ करून दाखवतं.

बियांतली चरबी हा वेगळा ठेवा. बियांचा गर कुटून पाण्यात उकळून वर येणारं तेल निवळून घेतात. ते घरच्या तपमानाला घट्ट बसतं. हेच कोकमतेल, काही भागांत भिरंडेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकणात हेच कोमट करून लावतात. घट्टपणाचं कारण त्यातली स्टिअरिक आम्लाची मोठी मात्रा. कोको बटरशी ते इतकं जुळतं की युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमात कोको बटरऐवजी मर्यादित प्रमाणात वापरायला परवानगी असलेल्या मोजक्या सहा वनस्पती-चरब्यांत कोकमाचीही गणना आहे.

जवळचे आणि लांबचे

उंडी, सुरंगी, नागकेशर ही आपल्या किनारपट्टीची आणि घाटाची ओळखीची झाडं. एकेकाळी सगळी कोकमासह एकाच कुलात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या मोठ्या गटात, होती. २००९ च्या वर्गीकरणानंतर ती वेगळ्या कुलात गेली, पण नातं जवळचं आहे. समोरासमोर जाड पानं, चीक, फुलातला दाट पुंकेसरांचा गुच्छ, हे सुरंगीच्या फुलांत आणि कोकमात ताडून बघता येतं.

सह्याद्रीच्या सदाहरित रानात गार्सिनियाच्या आणखी जाती आहेत. गार्सिनिया टॅलबोटी ही त्यातली एक. मुंबई इलाख्यातल्या वनाधिकारी टॅलबोट यांच्या नावानं ओळखली जाणारी. गार्सिनिया मोरेलाचा चीक पिवळा रंग देतो. गमीगटा घाटाच्या दक्षिण भागात भरपूर. कोकमाच्याही बियांच्या झाडांत फरक फार: कुठे साल जाड, कुठे पातळ, कुठे आंबट जास्त, कुठे रंग गडद. पिकूनही लाल न होणारं फिकट पिवळट रातांब्याचं झाडही कोकणात, गोव्यात आढळतं. कृषी विद्यापीठाच्या निवडक जाती याच विविधतेतून निवडल्या गेल्या.

या विविधतेला धोका आहे. ज्यांचं बी वाळवून ठेवता येतं त्या पिकांचे शेकडो वाण थंड खोल्यांत, डब्यांत वर्षानुवर्षं जपतात. गार्सिनियाचं बी त्या पद्धतीनं ठेवताच येत नाही, म्हणून त्याच्या जाती जपायच्या तर झाड जिवंत ठेवूनच, नाहीतर प्रयोगशाळेतल्या खर्चिक, कौशल्याच्या वाटेनं. आज सगळे जण एक-दोन नावाजलेल्या कलमांच्या मागे लागले आणि बांधावरची, देवराईतली, पडीक रानातली बियांची झाडं गेली, तर त्यांच्यातला रंग, आंबटपणा आणि रोगाशी झगडायचं बळ परत आणायला आपल्याकडे डबाबंद साठा नसेल. रातांब्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नावानं, म्हणजे इथल्या झाडांच्या वेगळेपणानं. ते वेगळेपण अजून बांधांवर उभं आहे. ज्याच्या आवारात जुनं बियाणाचं झाड असेल त्यानं फळाचा आकार, सालीचा रंग, पिकायचा महिना आणि झाड नर की मादी एवढं लिहून ठेवलं, आणि चांगलं असेल तर त्याच्या सरळ कोंबाच्या काड्या दापोलीकडे किंवा जवळच्या रोपवाटिकेकडे दिल्या, तरी बरंच वाचेल.